नेव्हेस युनायटेडमध्ये चालला असता का? त्याच्या शेजारी कोण, ते आधी सांगा

तुमचा प्रश्न नीट वाचला. तुम्ही मँचेस्टर युनायटेडचे जुने चाहते. २०२४ च्या उन्हाळ्यात पोर्तुगालच्या बेनफिका क्लबचा जोआव नेव्हेस युनायटेडने काहीही करून घ्यायला हवा होता, असं तुम्हाला आजही वाटतं. तुमचा मित्र म्हणतो की १.७४ मीटर उंचीचा तो पोरगा इंग्लंडमध्ये चिरडला गेला असता. त्यावरून तुम्ही पुढे विचारलं आहे की एकोणीस-वीस वर्षांचा परदेशी मिडफिल्डर, म्हणजे मधल्या फळीतला खेळाडू, इंग्लिश क्लबला शोभेल की नाही, हे विकत घेण्याआधी ओळखता येतं का.

बऱ्याच अंशी येतं. पण त्यासाठी प्रश्न थोडा बदलावा लागतो. नेव्हेस चांगला आहे का, हा वाद आता कुणी घालणार नाही. पॅरिसच्या पीएसजी क्लबकडून त्याने २०२५ ची चॅम्पियन्स लीग, म्हणजे युरोपातल्या क्लबांची सगळ्यात मोठी स्पर्धा, जिंकली, अंतिम सामन्यात इंटर मिलानला ५-० असं हरवून. खरा प्रश्न असा आहे की त्या वेळच्या युनायटेडने त्याला मैदानाचा किती भाग राखायला दिला असता, आणि चेंडू गेला त्या क्षणी त्याच्या जवळ कोण असतं. माझं उत्तर असं: तो इंग्लंडमध्ये नक्की चालला असता, पण त्या युनायटेडमध्ये आज दिसतो तितका मोठा दिसला नसता. कारणं सविस्तर सांगतो.

मी कोल्हापुरात तालमींचा फुटबॉल बघत वाढलो आणि बरीच वर्षं सामन्यांच्या व्हिडिओचं विश्लेषण करून खेळाडूंचे अहवाल लिहिण्याचं काम करतो आहे. त्यातही माझ्याकडे जास्त करून मधल्या फळीचे खेळाडू येतात. खाली लिहितो ते त्या कामातून बनलेलं मत आहे. कुठे ठाम आहे आणि कुठे परिस्थितीवर अवलंबून आहे, तेही सांगत जाईन.

आधी तुमच्या मित्राचा मुद्दा घेतो, कारण तो फार ऐकू येतो. २००८ मध्ये लुका मॉड्रिच डिनामो झाग्रेबहून टॉटनहॅमला आला तेव्हा हेच बोललं गेलं होतं. वय २२, अंगाने किरकोळ, इंग्लंडमध्ये टिकणार नाही. त्या मोसमाच्या पहिल्या आठ लीग सामन्यांत टॉटनहॅमला अवघे दोन गुण मिळाले, प्रशिक्षक बदलला, आणि त्या पडझडीत मॉड्रिचही हरवल्यासारखा वाटत होता. संघ सावरला तसा तोही सावरला. पुढे २०१२ मध्ये तो रेआल माद्रिदला गेला आणि २०१८ चा बॅलन डी'ओर, म्हणजे जगातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूचा पुरस्कार, घेऊन आला. उंची त्याच्याकडे टॉटनहॅमला होती तितकीच होती.

आता उलटं उदाहरण बघा. रेनातो सांचेस हाही बेनफिकाचाच. खांदे आणि मांड्या बघितल्या तर इंग्लिश फुटबॉलसाठीच घडवलेला वाटावा असा. अठराव्या वर्षी पोर्तुगालबरोबर युरो २०१६ जिंकला, त्याच उन्हाळ्यात बायर्न म्युनिकला गेला, आणि २०१७-१८ मध्ये लोनवर, म्हणजे एका मोसमापुरता उसना, स्वान्सीला आला. स्वान्सी वेल्समधलं शहर असलं तरी क्लब इंग्लिश लीगमध्ये खेळतो. तिथे त्याचा मोसम वाया गेला आणि संघ खालच्या लीगमध्ये उतरला. दुखापती होत्या हे खरं, पण त्याआधीही तो चेंडू घेऊन कुठे वळायचं याच्या शोधात दिसायचा. ज्या प्रशिक्षकाने त्याला आणलं, त्याला डिसेंबरमध्येच जावं लागलं. पुढे लीलबरोबर सांचेसने २०२१ ची फ्रेंच लीग जिंकली, म्हणजे खेळाडू संपलेला नव्हता.

उंची आणि वजन मिडफिल्डरला उपयोगी पडतं ते धक्का बसतो तेव्हा. चांगला मिडफिल्डर धक्का बसायच्या आधीच चेंडू घेऊन वळलेला असतो. नेव्हेसचा हाच गुण मला सगळ्यात मोलाचा वाटतो: पास येण्याआधी तो दोन्ही खांद्यांवरून मागे बघून घेतो, त्यामुळे पहिल्या स्पर्शालाच त्याचं तोंड बरोबर दिशेला असतं. २२ जानेवारी २०२५ चा पॅरिसमधला सामना आठवा. मँचेस्टर सिटी २-० ने पुढे होती, पीएसजीने बरोबरी केली, आणि ३-२ करणारा गोल नेव्हेसने मारला तो हेडरने. त्याचा पीएसजीतला सहकारी व्हितिन्याने मारलेली फ्रीकिक, सिटीचे उंच बचावपटू गोलसमोर, आणि हा पोरगा मागच्या बाजूने येऊन उडी मारतो. त्यात कमाल होती उडी कधी घ्यायची या अंदाजाची.

शरीराचा एक भाग मात्र मी अहवालात काळजीने तपासतो. तो म्हणजे तिसऱ्या सामन्याचे पाय. इंग्लंडमध्ये लीगचे ३८ सामने, पोर्तुगाल आणि फ्रान्समध्ये ३४. शिवाय इंग्लंडमध्ये देशांतर्गत चषक दोन, आणि रेफरी लहानसहान धक्क्याला शिट्टी वाजवत नाहीत. आठ दिवसांत तिसरा सामना, त्यातली शेवटची वीस मिनिटं: तिथे मुलगा मागे धावतोय की चालतोय, हे मला त्याच्या उंचीपेक्षा कितीतरी जास्त सांगून जातं. नेव्हेस त्या मिनिटांत धावताना दिसायचा. म्हणून चिरडला गेला असता हे मला पटत नाही.

आता मूळ मुद्द्याकडे येतो, तो म्हणजे अंतर.

मी मिडफिल्डरचा अभ्यास करतो तेव्हा त्याच्या संघाने चेंडू गमावला की तिथे व्हिडिओ थांबवतो. त्या चौकटीत बघतो की त्याच्या सगळ्यात जवळचे दोन सहकारी किती लांब आहेत. दहा-बारा मीटरवर असतील तर तो पुढे झेपावून टॅकल करू शकतो, कारण तो चुकला तर दुसरा आहे. वीस-पंचवीस मीटरवर असतील तर त्याच्यापुढे दोनच रस्ते उरतात: एकट्याने झेपावून मागचं मैदान मोकळं सोडणं, किंवा मागे मागे सरकत वेळ काढणं. कबड्डीत कोपरारक्षकाने पट उत्तम काढला, पण साखळी धावून आली नाही तर चढाईपटू त्याला ओढत मध्यरेषा गाठतो, आणि बाहेर जातो तो कोपरारक्षक. मधल्या फळीत अगदी हेच होतं. टीव्हीवर बघणाऱ्याला वाटतं, या पोराला टॅकल जमत नाही.

२०२३-२४ चं युनायटेड नेमकं असं ताणलेलं होतं. पुढचे खेळाडू चेंडू हिसकावायला वर जायचे, मागची फळी, त्यात दुखापतींमुळे सतत बदललेली, खोलवर थांबायची, आणि मधे एवढं मैदान मोकळं राहायचं की प्रतिस्पर्ध्याला एक सरळ पास पुरायचा. त्या मोकळ्या मैदानात एका बाजूला एकतीस-बत्तीस वर्षांचा कासेमिरो आणि दुसऱ्या बाजूला अठरा-एकोणीस वर्षांचा कॉबी मेनू. कासेमिरोला त्या वर्षी लोकांनी फार बोल लावले. माद्रिदमध्ये त्याच्या दोन्ही बाजूंना मॉड्रिच आणि क्रूस असायचे हे त्या टीकेत कुणी लक्षात घेतलं नाही. युनायटेडने लीगमध्ये ५७ गोल केले, ५८ खाल्ले आणि आठव्या क्रमांकावर मोसम संपवला. एफए कप या देशांतर्गत चषकाच्या उपांत्य सामन्यात दुसऱ्या श्रेणीतल्या कॉव्हेंट्रीविरुद्ध ३-० ची आघाडी ३-३ झाली आणि पेनल्टींवर कसंबसं निभावलं.

आणि त्याच स्पर्धेचा अंतिम सामना बघा. २५ मे २०२४, वेम्बली, समोर मँचेस्टर सिटी. युनायटेड त्या दिवशी दाटीने उभी राहिली, तिन्ही फळ्यांमधलं अंतर कमी ठेवलं, संधी मिळाली तेव्हाच पुढे गेली. २-१ ने जिंकली आणि त्यातला एक गोल मेनूचा. महिन्याभरापूर्वी कॉव्हेंट्रीसमोर विस्कळीत वाटणारा संघ हाच. तुम्ही युनायटेडचे चाहते आहात, तर हे दोन्ही सामने लागोपाठ पुन्हा बघा. माझं म्हणणं मी लिहून समजावतो त्यापेक्षा लवकर कळेल.

इथे एक जाणकार वाचक मला अडवेल आणि ते योग्यच आहे. नेव्हेस बेनफिकातही दोघांच्या मधल्या फळीत खेळायचा. तिथले तेव्हाचे प्रशिक्षक रॉजर श्मिट यांचा संघही वर जाऊनच चेंडू हिसकावायचा. मग युनायटेडमध्ये नवीन काय होतं?

फरक समोरच्या संघांचा होता. पोर्तुगालमध्ये बेनफिका बहुतेक सामन्यांत दोन तृतीयांश मैदान आपल्या ताब्यात ठेवून खेळते. तिथला मिडफिल्डर जास्त करून पुढे धावतो. चेंडू गेला तरी समोरचा संघ आपल्याच गोलजवळ असतो. बेनफिकाच्या दोघांच्या फळीची खरी परीक्षा युरोपात व्हायची. २०२३-२४ च्या चॅम्पियन्स लीगमध्ये गटातले पहिले चारही सामने ते हरले. ८ नोव्हेंबर २०२३ ला सान सेबास्तियनमध्ये रेआल सोसिएदादविरुद्ध पहिल्या अर्ध्या तासातच तीन गोलांनी मागे पडले आणि ३-१ ने हरले. नेव्हेसला विकत घेऊ बघणाऱ्या क्लबने मला एकच सामना निवडायला सांगितला असता, तर मी हा निवडला असता. कारण युनायटेडमध्ये त्याच्या वाट्याला दर दोन-तीन आठवड्यांनी असलाच एखादा अर्धा तास आला असता. आणि त्याचा स्वभाव समजून घ्यायला पुढचा सामना: चारच दिवसांनी स्पोर्टिंगविरुद्ध लिस्बनची डर्बी, म्हणजे एकाच शहरातल्या दोन क्लबांची लढत, बेनफिका ०-१ ने मागे, भरपाईच्या वेळेत बरोबरीचा गोल नेव्हेसने मारला आणि काही मिनिटांत बेनफिकाने सामनाच जिंकला. ते दोन सामने एकत्र ठेवले की मुलगा कसा आहे हे कळतं, आणि त्याला कुठे ठेवलं तर त्रास होईल हेही कळतं.

पीएसजीने त्याला नेमकं काय दिलं? मागे व्हितिन्या, डावीकडे फाबियान रुईझ, उजवीकडे नेव्हेस. तिघं कायम एकमेकांच्या पासच्या अंतरात. पुढे उस्मान देंबेले स्वतः चेंडूमागे धावणारा, त्यामुळे हिसकावलेला चेंडू नेव्हेसला प्रतिस्पर्ध्याच्या गोलकडे तोंड करून मिळायचा. आजूबाजूला पोर्तुगीज बोलणारे व्हितिन्या, नूनो मेंडेस आणि बेनफिकातला जुना सहकारी गोन्सालो रामोस. प्रशिक्षक लुईस एन्रिके, ज्याला पुढच्या महिन्यात नोकरीची चिंता नव्हती. सुमारे ६ कोटी युरोंना घेतलेल्या मुलाभोवती एवढं सगळं आधीच उभं होतं. इंग्लिश संघांसमोर त्याचं काय झालं हेही आपण पाहिलं: त्या एकाच मोसमात पीएसजीने सिटीला हरवलं आणि बाद फेरीत लिव्हरपूल, ॲस्टन व्हिला, आर्सेनल या तिघांना बाहेर काढलं. म्हणजे इंग्लिश वेगाला तो पुरून उरतो, पण शेजारी योग्य माणसं असताना.

आता तुम्ही म्हणाल, शेजारची माणसं, भाषा, ओळखीचं वातावरण एवढं मिळालं की झालं का? यासाठी मी व्हितिन्याचीच गोष्ट सांगतो. या सगळ्या विषयात मला तीच सगळ्यात शिकवणारी वाटते.

२०२०-२१ मध्ये व्हितिन्या पोर्तोकडून लोनवर वुल्व्हरहॅम्प्टनला, म्हणजे वुल्व्ह्जला, आला. वय वीस. प्रशिक्षक नूनो एस्पिरितो सांतो पोर्तुगीज, ड्रेसिंग रूममध्ये अर्धा संघ पोर्तुगीज. भाषेचा, एकटेपणाचा प्रश्न फारसा उरू नये अशी जागा. वुल्व्ह्जला मोसमाच्या शेवटी ठरलेल्या किमतीला, सुमारे २ कोटी पौंडांना, त्याला कायम ठेवण्याचा हक्क होता. लीगमध्ये तो मुख्य अकरांत जेमतेम पाच वेळा उतरला. चॉर्ली या छोट्या क्लबविरुद्ध एफए कपमध्ये लांबून मारलेला एक सुंदर गोल सोडला तर लोकांच्या लक्षात राहावं असं काही घडलं नाही. क्लबने हक्क वापरला नाही. तो पोर्तोला परतला, एका वर्षात पीएसजीने त्याला सुमारे ४ कोटी युरोंना नेलं, आणि २०२५ च्या बॅलन डी'ओरमध्ये तो तिसरा आला.

वुल्व्ह्जचे लोक आंधळे होते का? मला तसं वाटत नाही. त्यांच्याकडे मधल्या फळीत दोनच जागा होत्या आणि तिथे रूबेन नेव्हेस (हा वेगळा नेव्हेस) आणि जोआव मौटिन्यो ठाण मांडून बसले होते. व्हितिन्याला मग कधी पुढे, कधी बाजूला, जिथे जागा मिळेल तिथे घातलं जायचं. नोव्हेंबरमध्ये राऊल हिमेनेझच्या कवटीला इजा झाली आणि पुढे चेंडू धरून ठेवणारा माणूसच गेला. त्यामुळे संघ आणखी मागे रेटला गेला. चेंडू सतत आपल्याकडे हवा असणाऱ्या मुलाला चेंडू क्वचितच मिळणाऱ्या संघात, त्याची नसलेली जागा दिली गेली. भाषा होती, माणसं होती, पण त्याच्या पायांना हवं ते काम नव्हतं. पॅरिसमध्येही पहिल्या मोसमात तो आजच्याइतका दिसला नव्हता. २०२३ मध्ये लुईस एन्रिके आले, त्यांनी त्याला हळूहळू फळीच्या तळाशी आणलं, आणि संघाचा सगळा खेळ त्याच्या पायातून जाऊ लागला.

या विषयात काम करणाऱ्या कुणालाही ही गोष्ट अस्वस्थ करते. इंग्लंडमध्ये न चाललेला मुलगा, असा शिक्का वीस वर्षांच्या पोरावर बसला की तो पुसायला वर्षं जातात, आणि सगळ्यांच्याच नशिबी पोर्तोसारखं परतायचं घर नसतं.

युनायटेडने नेव्हेसऐवजी कुणाला घेतलं ते तुम्हाला माहीत आहेच. २०२४ च्या ऑगस्टमध्ये पीएसजीत नेव्हेस आला आणि त्याच महिन्यात पीएसजीचा मॅन्युएल उगार्ते युनायटेडला गेला. उगार्ते चेंडू हिसकावण्यात अव्वल. नोव्हेंबरमध्ये रूबेन अमोरिम प्रशिक्षक म्हणून आले, ज्यांच्या हाताखाली स्पोर्टिंगमध्ये उगार्तेचं नाव झालं होतं. कागदावर याहून चांगला मेळ नाही. तरीही युनायटेड त्या मोसमात ४२ गुणांवर राहून पंधराव्या क्रमांकावर फेकली गेली. अमोरिम यांच्या ३-४-२-१ या मांडणीतही मैदानाच्या मधे दोघंच. स्पोर्टिंगमध्ये ते पुरायचं, कारण तिथे समोरचा संघ मागे दबलेला असायचा. इंग्लंडमध्ये तळाचा संघही तीन चांगले मिडफिल्डर घेऊन येतो आणि दोघांना तिघांमधे अडकवतो.

त्याच ऑगस्टमध्ये युनायटेडने स्कॉट मॅकटॉमिनेला नापोलीला विकलं. युनायटेडमध्ये त्याला बहुधा मागे बसून पास वाटायला लावलं जायचं, जे त्याचं बलस्थान नाही. नापोलीत अंतोनियो कोन्ते यांनी त्याला पुढे, गोलच्या चौकटीत धावत जायची मोकळीक दिली. त्याने लीगमध्ये १२ गोल केले, नापोली विजेती झाली, आणि तो इटालियन लीगचा मोसमातला सर्वोत्तम खेळाडू ठरला. तो परदेशी म्हणून इटलीत गेला आणि शोभला. जागा जुळण्याचा प्रश्न इंग्लंडपुरता नाही.

थोडक्यात इथपर्यंत: उंचीने फारसं ठरत नाही. भाषा आणि ओळखीची माणसं मदत करतात, पण त्यांनी काम भागत नाही. ठरवणाऱ्या गोष्टी दोन: मुलाला त्याच्या सवयीचं काम मिळतं का, आणि चेंडू गेल्यावर शेजारी कुणी जवळ असतं का. तिसरी गोष्ट वेळ. ती पूर्णपणे क्लबवर अवलंबून आहे.

वेळेबद्दल लिव्हरपूलकडून शिकावं. २०१८ मध्ये फाबिन्यो मोनाकोहून आला आणि लीगच्या सामन्यात सुरुवातीपासून खेळायला त्याला ऑक्टोबरचा शेवट उजाडला. त्याच मोसमाच्या अखेरीस तो चॅम्पियन्स लीग विजेत्या संघात होता. रायन ग्रॅव्हनबर्ख बायर्नमध्ये बाकावर बसून २०२३ मध्ये लिव्हरपूलला आला, पहिलं वर्ष आत-बाहेर करण्यात गेलं. पुढच्या वर्षी आर्ने स्लॉट यांना हवा असलेला मार्टिन झुबिमेंदी यायला तयार झाला नाही, म्हणून ग्रॅव्हनबर्खला मधल्या फळीच्या तळाशी आणलं गेलं. लिव्हरपूलने लीग जिंकली आणि तो प्रीमियर लीगचा मोसमातला सर्वोत्तम तरुण खेळाडू ठरला. कुणी ठरवून केलं असतं तर याला दूरदृष्टी म्हटलं असतं. इथे दुसरा खेळाडू नाही म्हणाला म्हणून घडलं, पण त्याला विकून न टाकता ठेवलं होतं म्हणूनच घडू शकलं.

ब्रायटनने मोइसेस कैसेदोबाबत वेगळी वाट धरली. २०२१ च्या सुरुवातीला इक्वेडोरहून घेतला, बेल्जियमच्या बेअरशॉटला लोनवर पाठवला, आणि इंग्लिश लीगमध्ये उतरवला तो २०२२ च्या एप्रिलमध्ये. २०२३ मध्ये चेल्सीने त्याच्यासाठी १० कोटी पौंडांच्या वर मोजले. ब्रेक्झिटनंतर इंग्लंडमध्ये परदेशी खेळाडूच्या परवान्यासाठी गुणांची पद्धत आली आहे: देशाकडून खेळलेले सामने, कोणत्या लीगमध्ये किती मिनिटं, युरोपीय स्पर्धा, असं सगळं मोजलं जातं, आणि अठरा वर्षांखालचा परदेशी मुलगा आता आणताच येत नाही. नेव्हेसला त्याची अडचण आली नसती, तो पोर्तुगालकडून खेळत होता. पण कमी नावाजलेल्या लीगमधल्या मुलाबाबत तुम्ही विचार करत असाल तर हे आधी बघा.

मग ओळखायचं कसं? तुमच्या-माझ्याकडे क्लबचा डेटा नसला तरी पूर्ण सामना असतो. हायलाइट्स बाजूला ठेवा. त्या मुलाचा संघ बाहेरच्या मैदानावर हरलेला एक सामना शोधा आणि त्यातली वीस मिनिटं चेंडूकडे न बघता फक्त त्याच्याकडे बघा. पास येण्याआधी तो मागे बघतो का. पाठीवर माणूस असताना चेंडू मागतो की लपतो. पास चुकल्यावर पुढचे पाच सेकंद काय करतो, हात वर करून थांबतो की लगेच धावतो. मला स्वतःला या शेवटच्या सवयीवर सगळ्यात जास्त विश्वास आहे, कारण पास देण्याचं कौशल्य वाढवता येतं, पण चुकीनंतर थबकण्याची सवय विसाव्या वर्षी मोडणं फार अवघड जातं.

मग त्याच सामन्यात त्याच्या आजूबाजूला बघा: जवळचे दोघं किती लांब आहेत, मागची फळी वर येते का. आणि हेच तुमच्या क्लबच्या अलीकडच्या एखाद्या हरलेल्या सामन्यात बघा. दोन्हीकडची अंतरं सारखी दिसली तर मुलगा घ्यायला हरकत नाही. तुमच्या क्लबची अंतरं दुप्पट दिसत असतील तर त्या मुलाने याआधी कधी तेवढं मैदान एकट्याने राखलं आहे का, ते शोधा. सापडलं नाही तर निदान एक वर्ष थांबायची तयारी ठेवा, किंवा आधी त्याचा शेजारी विकत घ्या.

तुमच्या मूळ प्रश्नावर माझा निर्णय असा. २०२४ मध्ये मी युनायटेडच्या बाजूने अहवाल लिहिला असता तर नेव्हेस घ्या असंच लिहिलं असतं. मात्र एका अटीवर: त्याच्याबरोबर मेनू आणि त्या दोघांच्या मागे बसणारा तिसरा, अशी तिघांची फळी निदान दोन मोसम ठेवायची, आणि प्रशिक्षक बदलला तरी ती मोडायची नाही. नेव्हेस आणि मेनू दोघंही कमी जागेत चेंडू घेऊन वळणारे, वयात जेमतेम सात महिन्यांचं अंतर. ती जोडी मला फार बघायला आवडली असती. पण प्रत्यक्षात तीन महिन्यांत प्रशिक्षक बदलला, मधे दोघंच उरले, आणि मेनू स्वतःच्याच जागेसाठी झगडताना दिसला. युनायटेडच्याच ॲकॅडमीत वाढलेल्या, शहराजवळच्याच मुलाची ही गत झाली, तर लिस्बनहून आलेल्या मुलाला तिथे यापेक्षा सोपं गेलं असतं असं मी म्हणू शकत नाही. आर्सेनल किंवा सिटीत, जिथे मधे तिघं असतात आणि मागची फळी मध्यरेषेपर्यंत वर येते, तिथे मी त्याची शिफारस अटीशिवाय केली असती.

तुमच्या डोक्यात आत्ता एखादा दुसरा मुलगा असेल तर त्याचं नाव आणि तो हरलेला कोणता सामना तुम्ही पूर्ण बघितला, हे दोन्ही लिहा. मीही तो सामना बघतो आणि मला काय दिसलं ते सांगतो.